घरात राहतंय कोण?

'इथली घरं इथल्या माणसांसाठी' या वाक्याला विरोध करणं अवघड आहे. ज्याचा निम्मा पगार भाड्यात जातो त्याला ते आपल्याच मनातलं वाटतं. कॅनडात या वाक्याचा कायदा झाला. १ जानेवारी २०२३ पासून, नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्या माणसाने इथल्या शहरांत राहायचं घर विकत घ्यायचं नाही. घेतलं तर दहा हजार डॉलरपर्यंत दंड, शिवाय न्यायालय ते घर विकायलाही लावू शकतं. बंदी आधी दोन वर्षांची होती, मग ती १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली गेली. पुढे ती आणखी वाढवावी की संपू द्यावी, यावर वाद आहे आणि तो इथल्या, कॅनडातल्या आपल्या मराठी घरांतही पोचला आहे. गणपतीत आरती झाली, प्रसादाच्या वाट्या हातात आल्या की दोन गट पडतात. वीस वर्षांपूर्वी नागरिक झालेले म्हणतात, बाहेरच्या पैशाने घरं महाग केली, बंदी कायमची करा. तीन वर्षांपूर्वी आलेले म्हणतात, हा सरळ वर्णद्वेष आहे. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला घर घेऊ द्या. दोघांनाही लागलेलं आहे आणि ते खरं आहे. पण दोघे मिळून ज्या प्रश्नावर भांडताहेत तो प्रश्नच चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

घर घेणाऱ्याला पासपोर्ट विचारू नये. त्या घरात राहणार कोण, ते विचारावं. आणि हा प्रश्न परक्याला विचारायचा तर नागरिकालाही तितक्याच कठोरपणे विचारावा.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. टोरांटोच्या उत्तर भागातल्या एका उंच इमारतीत मी राहते आणि काही वर्षं तिच्या कॉन्डो बोर्डावर आहे. कॉन्डो म्हणजे आपल्याकडचा सोसायटीतला फ्लॅट आणि बोर्ड म्हणजे सोसायटीची कमिटी. पाणी गळलं की कुणाला फोन करायचा, नोटीस कुणाच्या दाराला लावायची, या निमित्ताने कुठल्या घराचा मालक कोण आणि त्यात राहतो कोण, हे कमिटीवरच्या माणसाला पाठ होतं. माझ्या मजल्यावर बारा दारं आहेत. बंदी आली त्या वर्षी त्यातली दोन दारं वर्षभर उघडली नाहीत. एका घराचा मालक याच देशात जन्मलेला. नोकरीसाठी दूरच्या अल्बर्टा प्रांतात गेला आणि भाव चढेपर्यंत फ्लॅट तसाच कुलूप लावून ठेवला. दुसरं घर एका निवृत्त जोडप्याचं, तेही नागरिक. त्यांचं राहणं वर्षभर दुसरीकडेच. आणि माझ्या समोरच्या दारामागे नाशिकचं एक जोडपं भाड्याने राहत होतं, वर्क परमिटवर. दोघेही नोकरी करणारे, दोघेही इथे कर भरणारे, मुलगी इमारतीच्या मागच्या शाळेत पहिलीत. बर्फ पडलं की शेजारच्या आजींना दवाखान्यात सोडायला त्या जोडप्यातला मुलगाच जायचा. कायद्याच्या नजरेत या मजल्यावर 'बाहेरचे' होते ते हे तिघेच.

त्यांनी डाऊन पेमेंटसाठी पैसे साठवले होते. 'ताई, भाड्यात जातात तेवढ्यात हप्ता बसेल,' असं त्याची बायको मला म्हणाली होती, आणि तिचा हिशेब बरोबर होता. पण पहिल्या नियमांप्रमाणे वर्क परमिटवाल्याने आधीच्या चार वर्षांत किमान तीन वर्षं पूर्णवेळ काम केलेलं असायला हवं होतं आणि तीन वर्षांची करविवरणपत्रं भरलेली असायला हवी होती. यांना दोनच वर्षं झाली होती. २७ मार्च २०२३ ला सरकारने नियम सैल केला: परमिटची किमान १८३ दिवसांची मुदत शिल्लक असेल तर एक घर घेता येईल. तोवर यांच्या परमिटला पाच महिने उरले होते. पुढे परमिट नवं झालं, पण ऑन्टारिओ प्रांताचा परदेशी खरेदीदारांवरचा कर तोवर २५ टक्क्यांवर गेला होता. सहा लाख डॉलरच्या फ्लॅटवर दीड लाख. कायम रहिवासी झाल्यावर ठरावीक मुदतीत तो परत मिळू शकतो, हे खरं. पण परत मिळण्यासाठी तो आधी भरावा तर लागतो. अजूनही ती दोघं भाड्यानेच राहतात. ज्या घरात माणसं राहिली असती ते घर त्यांना मिळालं नाही, आणि ज्या दोन घरांत कुणीच राहत नव्हतं त्यांच्या मालकांकडे कायद्याने डोळा वर करूनही पाहिलं नाही. या कायद्याविषयीचा माझा सगळा राग या एका विसंगतीत आहे.

आता बंदीच्या बाजूने जे बोलतात त्यांचं सगळ्यांत भक्कम म्हणणं बघू. ते मूर्ख नाहीत आणि सगळे वर्णद्वेषी तर नाहीतच. ते म्हणतात, शहरातल्या घराचा भाव शहरातल्या पगाराशी बांधलेला असायला हवा. शाळेतला शिक्षक, बस चालवणारा, परिचारिका यांच्या कमाईतून जेवढं परवडेल त्याच्या आसपास भाव राहिला तरच शहर चालतं. बाहेरून असा पैसा आला की ज्याचा इथल्या पगाराशी काहीच संबंध नाही, तर ती गाठ सुटते. व्हँकूवरने हे भोगलं आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात त्या शहराच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताला परदेशी खरेदीदारांवर १५ टक्के कर लावावा लागला, दोन वर्षांनी तो २० टक्के झाला. विरोधक लगेच आकडे पुढे करतात, की स्टॅटिस्टिक्स कॅनडाच्या २०१७ च्या पाहणीत देशाबाहेर राहणाऱ्यांच्या मालकीची घरं टोरांटो परिसरात ३.४ टक्के आणि व्हँकूवर परिसरात ४.८ टक्केच निघाली. एवढ्याशा घरांनी भाव कसा वाढेल? हा युक्तिवाद मला पटत नाही, माझ्या बाजूचा असला तरी. भाव एकूण घरांवर ठरत नाही, त्या महिन्यात विकल्या जाणाऱ्या थोड्या घरांवर ठरतो. गल्लीत शंभर घरं असली आणि विकायला तीनच निघाली, तर चौथा गिऱ्हाईक थैली घेऊन आल्यावर काय होतं हे कुणालाही कळतं. शिवाय फ्लॅटमध्ये हे प्रमाण सात-आठ टक्क्यांपर्यंत होतं. तेव्हा बाहेरच्या पैशाचा परिणाम होतो, हे मी मान्य करते.

पण मग पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. बंदीने काय साधलं? २०१६ च्या करानंतर व्हँकूवरमध्ये परदेशी खरेदी एकदम घटली, बाजार काही महिने थबकला, आणि पुढच्याच वर्षी भाव पुन्हा चढले. २०२३ च्या बंदीचं तर त्याहून स्पष्ट आहे. टोरांटोतले भाव २०२२ च्या फेब्रुवारीत शिखरावर होते. मार्चपासून बँक ऑफ कॅनडाने व्याजदर वाढवायला घेतला आणि तो पाव टक्क्यावरून डिसेंबरपर्यंत सव्वाचार टक्क्यांवर नेला. बंदी आली तेव्हा भाव दहा महिने उतरतच होते. ताप उतरल्यावर दिलेल्या गोळीला ताप उतरवल्याचं श्रेय देता येत नाही. आणि त्याच २०२२ साली कॅनडाची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक वाढली, इतिहासात पहिल्यांदाच एका वर्षात एवढी. विद्यापीठांना जादा शुल्क देणारे विद्यार्थी हवे होते, कारखान्यांना कामगार हवे होते, हॉस्पिटलांना परिचारिका हव्या होत्या. सगळ्यांना बोलावलं, पण ते झोपणार कुठे याचा विचार केला नाही. ज्या सरकारने माणसं बोलावली त्यानेच बोलावलेल्या माणसाकडे बोट दाखवून 'हा घरं पळवतो' म्हणावं, हे मला प्रामाणिक वाटत नाही.

कायद्याच्या आत शिरून बघितलं तर तो कुणाला अडवतो आणि कुणाला सोडतो हेही दिसतं. बंदी लागू आहे ती तीन किंवा त्याहून कमी घरांच्या इमारतींना आणि कॉन्डोतल्या सुट्या फ्लॅटला. चार किंवा अधिक घरांची अख्खी इमारत तिच्यात येत नाही. म्हणजे बाहेरच्या देशातला गुंतवणूक निधी दोनशे भाडेकरूंसकट इमारत विकत घेऊ शकतो आणि परमिटचे पाचच महिने उरले म्हणून नाशिकच्या त्या जोडप्याला एक फ्लॅट घेता येत नव्हता. भाव पगारापासून तुटू नये हा हेतू असेल, तर हे उलटं व्हायला हवं होतं.

दुसरा भक्कम मुद्दा भूमीच्या हक्काचा. जमीन वाढत नाही, देश तिथल्या नागरिकांचा असतो, मग पहिला घास त्यांचा. आपल्यापैकी जे याला 'गोऱ्यांचा माज' म्हणतात त्यांनी आधी आपल्या घरातलं बघावं. भारताचे नियम कॅनडापेक्षा कडक आहेत. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली भारतीय वंशाचा नसलेला, भारताबाहेर राहणारा परदेशी माणूस भारतात फ्लॅट विकत घेऊच शकत नाही; अनिवासी भारतीयाला आणि ओसीआय कार्डवाल्यालाही शेतजमीन, मळा, फार्महाऊस विकत घेता येत नाही. पाकिस्तान, बांगलादेश, चीन, श्रीलंका, नेपाळ अशा काही देशांच्या नागरिकांना तर भारतात राहत असले तरी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. हे नियम आपल्याला कधी वर्णद्वेष वाटले नाहीत. तेव्हा नागरिकाला प्राधान्य देणं म्हणजे आपोआप द्वेष, हे म्हणणं सोडून द्यायला हवं.

पण याच नियमांमुळे एक तपासणी आयती करता येते. मुंबईत परदेशी खरेदीदार जवळजवळ नाहीतच. मग घरं स्वस्त आहेत का? २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी आढळली, देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. ज्या शहरात माणसं पुलाखाली झोपतात आणि गिरणगावातल्या कुटुंबाची पुढची पिढी विरार-बदलापूरला जाते, त्या शहरात पावणेपाच लाखांवर घरांना कुलूप. ती कुलपं कोणा रशियनाने लावलेली नाहीत. भाडेकरू घर बळकावेल ही भीती, भाड्यातून मिळणारं किरकोळ उत्पन्न, आणि फ्लॅट म्हणजे सोन्याच्या बिस्किटासारखी तिजोरीत ठेवायची वस्तू ही समजूत, यांनी ती लावली आहेत. मालक आपलेच.

गोव्यात तर पासपोर्टची कसोटी पार उलटी पडते. गोव्यातल्या माणसाची तक्रार आज काय आहे? डोंगर कापून व्हिला उभे राहतात, विहिरी आटतात, गावात दिवे लागलेली घरं मोजकी उरतात. हे व्हिला बहुतेक दिल्ली, मुंबई, बंगळूरच्या लोकांचे. नाताळात पंधरा दिवस येतात, बाकी वर्ष माळ्याच्या भरवशावर. ते सगळे भारताचे नागरिक. आणि १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्या गोवेकराचा नातू, ज्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं आणि जो इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये गोदामात काम करून सासष्टीतल्या आजीच्या घराचं छप्पर दुरुस्त करायला पैसे पाठवतो, तो कागदोपत्री परदेशी. या दोघांपैकी गावाला कोण जड आहे? पासपोर्टला याचं उत्तर देता येत नाही.

आपल्या मराठी माणसाला मात्र याचं उत्तर शोधायला दूर जावं लागत नाही. ते आपल्या इतिहासात आहे. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा ज्या समाजाने दिली, त्याला 'राहील त्याचं घर' हे समजायला जड का जावं? १९४८ च्या कूळकायद्याने आणि पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने जो प्रश्न विचारला तो मालकाच्या रक्ताचा नव्हता, गावाचा नव्हता, सातबाऱ्यावर नाव किती पिढ्या आहे याचाही नव्हता. नांगर कोणाच्या हातात आहे, एवढाच होता. माझ्या आजोबांची कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, भातशेती होती. ते पुण्यात सरकारी नोकरीत होते. वर्षाला खंडाचं भात यायचं, बाकी जमिनीशी संबंध नाही. कायदा आला, जमीन कुळाकडे गेली. आजी शेवटपर्यंत तिला 'आपली जमीन' म्हणत राहिली, आणि लहानपणी मला तिचं खरं वाटायचं. नंतर एकदा त्या गावी गेले. बांधावर बसून त्या कुळाच्या मुलाने, आता त्याचंही वय झालं होतं, कुठल्या खाचरात पाणी आधी येतं आणि कुठल्या खाचरात करपा पडतो ते सांगितलं. आजोबांना यातलं काहीही सांगता आलं नसतं. ते भूमिपुत्र होते, नागरिक होते, कागद त्यांच्या नावावर होता. तरीही जमीन त्याच्याकडे गेली हे योग्य झालं, हे मी त्यांची नात म्हणून म्हणते आहे.

कूळकायदाही चुकवला गेला, हे मला माहीत आहे. कायदा येतोय म्हटल्यावर मालकांनी कुळांना हाकललं, 'स्वखुशीने जमीन सोडली' असे अंगठे घेतले. आजही कलम ६३ प्रमाणे महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही आणि तरी शेतकरी असल्याचे दाखले कसे उभे केले जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण चुकवाचुकवी होते म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही. त्या कायद्याने निदान योग्य माणसाकडे बोट दाखवलं.

आता दुसऱ्या गटाकडे, ज्यांना हा सगळा वर्णद्वेष वाटतो. त्यांची भीती हवेतून आलेली नाही. टोरांटोत १९४५ साली एक खटला गाजला. कामगारांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेने घर बांधण्यासाठी जमीन घेतली, तर खरेदीखतात अट निघाली: ही जमीन ज्यूंना किंवा 'नको असलेल्या राष्ट्रीयत्वाच्या' माणसांना विकायची नाही. ऑन्टारिओच्या न्यायमूर्तींनी ती अट सार्वजनिक हिताविरुद्ध म्हणून रद्द केली. अशा अटी तेव्हा सर्रास होत्या. व्हँकूवरच्या डोंगराकडच्या श्रीमंत वस्तीत आशियाई माणूस फक्त नोकर म्हणून राहू शकत असे. अमेरिकेत तर हे काम कागदाच्या भाषेत झालं. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्यात जपानी किंवा हिंदी हा शब्दच नव्हता. 'जे नागरिक होण्यास पात्र नाहीत' अशांना जमीन घेता येणार नाही, इतकंच लिहिलं होतं. आणि पात्र कोण, तर १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हिंदी माणूस नाही. वैष्णोदास बगाई हे हिंदी दुकानदार १९२१ साली अमेरिकेचे नागरिक झाले होते; त्या निकालानंतर त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं, सॅन फ्रान्सिस्कोतलं दुकान विकावं लागलं, आणि १९२८ साली त्यांनी आयुष्य संपवलं. त्याआधी याच कुटुंबाने बर्कलीत घर घेतलं होतं आणि सामान घेऊन ते पोचले तेव्हा शेजाऱ्यांनी घराला कुलपं घातलेली होती. आज त्या गावात त्यांच्या पत्नी कला बगाई यांच्या नावाचा रस्ता आहे.

हे वाचून माझं रक्त तापतं. तरीही २०२३ चा कॅनडाचा कायदा आणि १९१३ चा कॅलिफोर्नियाचा कायदा एकच आहेत असं मी म्हणणार नाही. आज कायम रहिवासी झालेल्या प्रत्येकाला, मग तो सोलापूरचा असो की शांघायचा, घर घेता येतं. रक्त आणि कागद यांत फरक आहे, आणि तो फरक पुसला तर आपलंच म्हणणं हलकं होतं. बगाई यांच्या कहाणीतून मी वेगळंच शिकते. कागद सरकारच्या हातात असतो. तो आज देता येतो, उद्या काढून घेता येतो. राहणं मात्र माणसाच्या हातात असतं: शेजार, शाळा, भरलेला कर, उपसलेलं बर्फ. घराचा हक्क कशाला बांधायचा तर या दोन्हींपैकी अधिक खरं काय आहे?

पासपोर्टची कसोटी किती डळमळीत आहे हे सिंगापूरने दाखवलंय. एप्रिल २०२३ पासून तिथे परदेशी माणसाला घर घेताना ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क द्यावं लागतं. पण अमेरिकेचा, स्वित्झर्लंडचा, नॉर्वेचा नागरिक असेल तर व्यापार करारामुळे त्याला सिंगापूरच्याच नागरिकाची वागणूक मिळते. पहिल्या घरावर जादा शुल्क नाही. दहा वर्षं तिथे नोकरी करणारा, मुलं तिथल्या शाळेत घातलेला पुणेकर एम्प्लॉयमेंट पासवर असेल तर त्याला ६० टक्के, आणि काल विमानातून उतरलेल्या न्यूयॉर्करला शून्य. न्यूझीलंडनेही २०१८ मध्ये परदेशी खरेदी बंद केली ती ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूरच्या नागरिकांना वगळून. एकदा पासपोर्ट बघायला लागलं की घराचा प्रश्न मागे पडतो आणि कुठल्या देशाचं वजन किती, याची देवघेव सुरू होते. त्यात आपल्यासारख्यांचं पारडं नेहमीच वर जाणार.

मग दुसरी वाट आहे का? आहे, आणि ती चालून पाहिलेली आहे. स्वित्झर्लंडमध्ये परदेशी खरेदीवर कडक कायदा अनेक दशकं आहे. तरीही आल्प्समधली गावं रिकामी होत गेली, कारण झुरिकचा माणूसही डोंगरात घर घेऊन वर्षातले दहा महिने खिडक्या बंद ठेवतोच. म्हणून ११ मार्च २०१२ ला स्विस जनतेने थोड्याशा मताधिक्याने का होईना, पण ठरवलं की गावातल्या एकूण घरांपैकी दुय्यम घरं २० टक्क्यांवर गेली की नवी दुय्यम घरं बांधायला परवानगी नाही. मालक कुठला, हे तिथे गौण. डोंगरातल्या बांधकामावर पोट असलेल्यांना याचा फटका बसला, तो नाकारत नाही. पण प्रश्न बरोबर जागी ठेवला होता. असा नियम गोव्यात बार्देशातल्या एखाद्या गावात लावून बघा, दिल्लीचा व्हिला आणि लिस्बनचा पासपोर्ट यांतला गुंता आपोआप सुटेल.

ब्रिटिश कोलंबियाने २०१८ साली सट्टा आणि रिकाम्या घरांवरचा कर आणला. परदेशी मालकाला जास्त दर ठेवला, ते मला पटत नाही. पण कर नागरिकालाही लावला, हे महत्त्वाचं. घरात राहा किंवा भाड्याने द्या, बहुतेकांना कर नाही. २०१९ या एका वर्षात व्हँकूवर परिसरात सुमारे ११ हजार कॉन्डो फ्लॅट भाड्याच्या बाजारात नव्याने आले, आणि त्यामागे हा कर हे एक कारण असल्याचं राष्ट्रीय गृहनिर्माण संस्थेनेही नोंदवलं. बंदीने इतकी दारं उघडल्याचं मला कुठे दिसलेलं नाही. बंदी घर घेणाऱ्याला अडवते, पण घेतलेलं बंद घर उघडत नाही.

काळ्या पैशाचाही मुद्दा आहे आणि तो मी शेवटी ठेवला, कारण त्याला उत्तर देणं सगळ्यांत सोपं आहे. ब्रिटिश कोलंबियाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या अंदाजाप्रमाणे २०१८ मध्ये त्या प्रांताच्या घरबाजारातून सुमारे ५०० कोटी डॉलर काळ्याचे पांढरे झाले. भयंकर आहे. पण काळा पैसेवाला स्वतःच्या नावावर घर घेतो का? तो कंपनी काढतो, ट्रस्ट काढतो, इथल्या नागरिक मेहुण्याचं नाव लावतो. बेनामी म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. त्याला पकडायचं तर नावामागचा खरा धनी कोण ते नोंदवावं लागतं, आणि ब्रिटिश कोलंबियाने २०२० मध्ये तशी नोंदवही सुरू केलीच. पासपोर्टची चाळण लावली तर त्यात अडकतो तो नाशिकचा मुलगा, कारण तो सगळी कागदपत्रं खरी देतो.

राहिला अंमलबजावणीचा प्रश्न. पासपोर्ट तपासायला एक मिनिट लागतं. घरात कोण राहतं ते तपासायला यंत्रणा लागते. हे खरं आहे. टोरांटो महापालिकेने रिकाम्या घरांवर कर आणला तेव्हा प्रत्येक मालकाला दरवर्षी कळवावं लागू लागलं, की गेल्या वर्षी घर सहा महिने वापरात होतं की नाही. २०२४ च्या वसंतात मोठा गोंधळ झाला. कळवायचं राहिलेल्या हजारो राहत्या घरमालकांना बिलं गेली, महापौर ऑलिव्हिया चाऊ यांना गोंधळ मान्य करावा लागला, बिलं मागे घ्यावी लागली. आमच्या इमारतीतल्या वयस्कर लोकांचे फॉर्म मी त्यांच्याबरोबर बसून भरले आहेत. तो त्रास मला ठाऊक आहे. पण पहिल्या दोन-तीन वर्षांचा गोंधळ हा नियम सुधारायचं कारण आहे, सोडायचं नाही. आयकराच्या पहिल्या वर्षीही लोक गोंधळलेच असतील.

त्या फॉर्मवर जन्मस्थळ विचारत नाहीत, नागरिकत्व विचारत नाहीत. घर वापरात होतं का, नसेल तर का नव्हतं, एवढंच. कुणी वारलं असेल, दुरुस्ती चालू असेल, मालक हॉस्पिटलात असेल तर सूट. २०२४ साठी या कराचा दर घराच्या किमतीच्या एक टक्क्यावरून तीन टक्के केला. अल्बर्टातल्या त्या मालकाने त्यानंतर बोर्डाकडे चौकशी केली की फ्लॅट भाड्याने द्यायचा तर इमारतीचे काय नियम आहेत. मीच त्याला ते पाठवले. दुसरं दार अजून बंद आहे. पण याचं उघडलं. हिवाळा सुरू झाला तेव्हापासून त्या दाराबाहेरच्या चटईवर बर्फाच्या बुटांचे तीन जोड असतात, त्यातला एक अगदी छोटा, लाल रंगाचा. ती माणसं कुठल्या देशाची आहेत ते मी अजून विचारलेलं नाही.